डिझेल आणि पेट्रोल इंजिनांची तुलना : 'ताकद' या शब्दाचा अर्थविचार

मोटारगाडी विकत घेऊ इच्छिणाऱ्या माणसाच्या घरी जी चर्चा होते, तीत दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. 'डिझेलच्या गाडीला ताकद जास्त' हे पहिले, आणि 'डिझेलची गाडी ॲव्हरेज चांगले देते' हे दुसरे. पेट्रोलचा कैवारी यावर 'पण पेट्रोलची गाडी पळते' असे उत्तर देतो. ही तिन्ही विधाने अनुभवातून आलेली आहेत आणि तिन्हींत तथ्य आहे. तरीही वादाचा निकाल लागत नाही. याचे कारण इंजिनांत शोधण्यापूर्वी शब्दांत शोधले पाहिजे. 'ताकद' या एकाच शब्दाने येथे निदान तीन निरनिराळ्या राशी सुचविल्या जातात : फिरत्या दांड्याला मिळणारा पीळ, दर सेकंदाला होणारे कार्य, आणि इंधनाच्या उष्णतेतून कार्यरूपाने हाती येणारा हिस्सा. शिवाय 'ॲव्हरेज' ज्या लिटरने मोजतात तो लिटर दोन्ही इंधनांच्या बाबतीत सारख्या मोलाचा नाही. हे अर्थ एकमेकांपासून सुटे केले म्हणजे वादाचे स्वरूपच पालटते. घरातील मोठी रक्कम या निर्णयात गुंतते आणि गावाच्या हवेचाही त्याच्याशी संबंध येतो. तेव्हा हा विचार केवळ शब्दांचा खेळ नव्हे.

१. नावे आणि त्यांमागील भेद

'पेट्रोल इंजिन' आणि 'डिझेल इंजिन' ही जोडी वरवर समतोल दिसते. परंतु पहिले नाव एका द्रव्याचे आहे आणि दुसरे एका माणसाचे. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याने १८९२ मध्ये आपल्या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये ऑग्सबर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी रीतीने चालले. इंधनातील उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कार्यरूपाने मिळविणारे ते इंजिन त्या काळच्या वाफेच्या इंजिनांहून फारच सरस होते. संशोधकाचे नाव यंत्राला मिळाले, यंत्राचे नाव इंधनाला मिळाले, आणि आज 'डिझेल संपले' असे म्हणणाऱ्याला त्या माणसाची आठवणही होत नाही. विशेषनामाचे सामान्यनाम होण्याचे हे उत्तम उदाहरण होय. याच न्यायाने दुसऱ्या इंजिनाला 'ऑटो इंजिन' म्हणता आले असते. कारण निकोलाउस ऑटो याने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले, आणि पेट्रोलच्या मोटारी आजही त्याच तत्त्वावर चालतात.

नावांतील या विषमतेमुळे भेद इंधनाचा आहे असा समज होतो. वस्तुतः भेद प्रज्वलनाच्या रीतीचा आहे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि नेमक्या क्षणी विजेच्या ठिणगीने ते पेटविले जाते. दाब फार वाढविला तर मिश्रण ठिणगीची वाट न पाहता आपोआप पेटते व इंजिन ठोके देऊ लागते. म्हणून संपीडनाचे गुणोत्तर सामान्यतः ९ ते १२ च्या आसपास ठेवावे लागते. डिझेल इंजिनात प्रथम केवळ हवा दाबली जाते, आणि तीही मूळ आकारमानाच्या सुमारे पंधराव्या ते विसाव्या हिश्श्यापर्यंत. त्यामुळे ती इतकी तापते की तीत फवारलेले इंधन ठिणगीवाचून पेट घेते. पेट्रोलचा गुण आपोआप न पेटण्यात आहे, तर डिझेलचा गुण चटकन आपोआप पेटण्यात आहे. ऑक्टेन आणि सिटेन या दोन अंकांनी मोजले जाते ते हेच. एकाच खनिज तेलापासून निघालेली ही दोन द्रव्ये स्वभावाने अशी परस्परविरुद्ध आहेत.

२. मोटेचा दृष्टान्त

आता 'ताकद' या शब्दाकडे वळावे. सारख्याच खोलीच्या दोन विहिरी आहेत असे समजा. एकीवर थोराड बैलांची जोडी मोठी मोट ओढते आणि तासाला तीस खेपा करते. दुसरीवर हलकी जोडी निम्म्या मापाची मोट ओढते, परंतु तासाला साठ खेपा करते. तासाअखेर दोन्ही पाटांत आलेले पाणी सारखेच. यांपैकी कोणत्या जोडीची ताकद अधिक? एका खेपेचा भार पाहिला तर पहिलीची; तासाभराचे काम पाहिले तर दोघींची सारखी. मराठी माणूस दोन्ही ठिकाणी 'ताकद' हाच शब्द सहज वापरतो, आणि त्यात त्याची चूक नाही. कारण बोलण्याच्या व्यवहारात हा भेद करण्याची गरज क्वचितच पडते.

यंत्रशास्त्राला मात्र ती गरज पडते. फिरत्या दांड्याला इंजिन जो पीळ देते, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. एका खेपेच्या भारासारखा तो आहे. दर सेकंदाला होणारे कार्य म्हणजे शक्ती. ती किलोवॉटमध्ये किंवा अश्वशक्तीत मोजतात. ती तासाभराच्या पाण्यासारखी आहे. दोहोंचे नाते सरळ आहे : पीळ आणि दर मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार करून त्यास सुमारे ९,५५० ने भागले की शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. तेव्हा पीळ थोडा असला तरी फेरे वाढवून शक्ती वाढविता येते, आणि फेरे थोडे असले तरी पीळ मोठा असल्यास शक्ती मिळते. सर्वसाधारण मोटारीच्या पेट्रोल इंजिनाचा ओढा पहिल्या मार्गाकडे आहे, तर डिझेलचा दुसऱ्या.

डिझेल इंजिनाने फेरे वाढवून शक्ती का मिळवू नये, असा प्रश्न येथे उद्भवेल. त्याचे उत्तर त्याच्या प्रज्वलनाच्या रीतीतच आहे. इंधन आयत्या वेळी फवारले जात असल्यामुळे ते हवेत मिसळण्यास आणि जळण्यास अवधी लागतो. फेरे फार वाढले तर तो अवधी उरत नाही. शिवाय मोठा दाब सोसण्यासाठी त्याचे भाग जड करावे लागतात, आणि जड भाग वेगाने पुढेमागे हलविणे कठीण असते.

३. एकाच गाडीची दोन इंजिने

हा भेद प्रत्यक्षात किती असतो हे पाहण्यासाठी एकाच गाडीत बसविलेली दोन इंजिने तुलनेला घेणे उचित होय. भारतातील रस्त्यांवर अत्यंत परिचित असलेली मारुती सुझुकीची स्विफ्ट ही गाडी काही वर्षे दोन्ही इंजिनांसह विकली जात असे. तिचे २०१४ च्या सुमाराचे पेट्रोल इंजिन १,१९७ घन सेंटिमीटरचे होते. त्याचा कमाल पीळ दर मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर ११५ न्यूटन-मीटर, तर कमाल शक्ती ६,००० फेऱ्यांवर ८४ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ६२ किलोवॉट होती. डिझेल इंजिन मूळ फियाट कंपनीचे, १,२४८ घन सेंटिमीटरचे. याच घराण्याची इंजिने पुण्याजवळ रांजणगाव येथेही तयार होत. त्याचा कमाल पीळ २,००० फेऱ्यांवर १९० न्यूटन-मीटर, तर कमाल शक्ती ४,००० फेऱ्यांवर ७५ अश्वशक्ती, म्हणजे सुमारे ५५ किलोवॉट होती.

पिळाच्या अर्थाने डिझेलची ताकद दीडपटीहून अधिक, आणि शक्तीच्या अर्थाने पेट्रोलची ताकद अधिक, असा हा प्रकार आहे. पेट्रोलची गाडी वजनानेही सुमारे शंभर किलोग्रॅमनी हलकी होती. तेव्हा 'डिझेलला ताकद जास्त' आणि 'पेट्रोलची गाडी पळते' ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात. ती परस्परविरोधी भासतात, ती शब्द एक आणि अर्थ दोन असल्यामुळे.

खंबाटकीसारखा घाट चढताना येणारा अनुभव यावरून समजतो. माणसांसह तेराशे किलोग्रॅम वजनाची गाडी शंभरात सहा इतक्या चढावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जात आहे आणि इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत आहे, असे धरावे. चढ, चाकांचे घर्षण आणि हवेचा रोध यांवर मात करण्यास तिला सुमारे १७ किलोवॉट लागतात. त्या फेऱ्यांवर डिझेल इंजिन सुमारे ४० किलोवॉट देऊ शकते. पेट्रोल इंजिन मात्र, त्याचा कमाल पीळ तेथेच मिळतो असे उदारपणे मानले तरी, २४ किलोवॉटच्या वर जात नाही. म्हणजे पहिल्यापाशी २३ किलोवॉटची शिल्लक, दुसऱ्यापाशी फार तर सातची. चालकाने पाय दाबताच गाडी जी उसळी घेते ती या शिलकेतून, आणि बोलभाषेत 'पिकअप' म्हणतात तो मुख्यतः हिलाच.

परंतु पेट्रोलच्या गाडीचा चालक दोन गियर खाली आला आणि फेरे ४,००० वर गेले, की तेच इंजिन ४८ किलोवॉट देऊ लागते; डिझेलने २,००० फेऱ्यांवर दिलेल्या शक्तीहून ही अधिकच आहे. अर्थात याची किंमत आवाज, कंप आणि इंधन या रूपांनी द्यावी लागते. डिझेलची प्रसिद्ध ताकद म्हणजे, नेमके बोलावयाचे तर, गियर न बदलता मिळणारी ताकद होय. ज्याला ओझे घेऊन रोज घाट चढावयाचा आहे त्याला हे मोठे सुख आहे. ज्याला कार्यालयात जाऊन परत यावयाचे आहे त्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

या पिळाचे सारेच श्रेय डिझेल तत्त्वाला देणेही योग्य नव्हे. वरील डिझेल इंजिनाला टर्बोचार्जर होता, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने त्यात अधिक हवा कोंबली जात असे. पेट्रोल इंजिनाला तो नव्हता. एक लिटर आयतनामागे पीळ काढला तर पेट्रोलचा ९६ आणि डिझेलचा १५२ न्यूटन-मीटर येतो. म्हणजे डिझेल ५८ टक्क्यांनी पुढे. पुढे टाटा कंपनीच्या नेक्सॉन या गाडीत दोन्ही इंजिनांना टर्बोचार्जर मिळाला. तिच्या १,१९९ घन सेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाचा पीळ १७० आणि १,४९७ घन सेंटिमीटरच्या डिझेलचा २६० न्यूटन-मीटर आहे. लिटरमागे हे आकडे अनुक्रमे १४२ आणि १७४ येतात. अंतर २२ टक्क्यांवर आले. डिझेलचा वरचष्मा नाहीसा झाला नाही, परंतु त्यातील मोठा वाटा त्या पंख्याचा होता असे दिसून येते.

४. 'ॲव्हरेज' आणि लिटर

मराठीत 'ॲव्हरेज' या शब्दाने आपला मूळ अर्थ जवळजवळ टाकून दिला आहे. 'पावसाची सरासरी' म्हणताना मराठी शब्द टिकून राहिला. गाडीच्या बाबतीत मात्र इंग्रजी शब्द आला आणि 'लिटरमागे सरासरी किती किलोमीटर' या सबंध कल्पनेचा भार त्याने एकट्याने उचलला. त्याबरोबर येणारे क्रियापदही लक्षणीय आहे. गाय दूध देते, झाड फळ देते, तशी गाडी ॲव्हरेज 'देते'. या वाक्यरचनेत गाडी दाती ठरते आणि इंधनाचे माप पडद्याआड जाते. घोटाळा होतो तो तेथेच.

पेट्रोलच्या एका लिटरचे वजन सुमारे ७४० ग्रॅम, तर डिझेलच्या लिटरचे सुमारे ८३० ग्रॅम असते. वजनाच्या मानाने दोहोंची ऊर्जा जवळपास सारखी असल्यामुळे पेट्रोलच्या लिटरात सुमारे ३२, तर डिझेलच्या लिटरात सुमारे ३६ मेगाजूल ऊर्जा साठलेली असते. दोन्हींचा लिटर एकच मानणे म्हणजे पायलीभर ज्वारी आणि पायलीभर लाह्या यांनी सारखेच पोट भरेल असे मानण्यासारखे आहे. येथील तफावत पुष्कळ लहान असली तरी चुकीची जात तीच.

वर घेतलेल्या स्विफ्टच्या पेट्रोल प्रकाराचे प्रमाणित ॲव्हरेज लिटरमागे २०.४ आणि डिझेल प्रकाराचे २५.२ किलोमीटर होते. लिटरच्या हिशेबाने डिझेल सुमारे २३ टक्के पुढे गेले. ऊर्जेचा हिशेब केला तर पेट्रोलच्या गाडीला दर किलोमीटरला १.५७ आणि डिझेलच्या गाडीला १.४३ मेगाजूल लागतात. म्हणजे तेवढ्याच ऊर्जेवर डिझेलची गाडी सुमारे १० टक्के अधिक जाते. गाजलेल्या लाभाचा निम्म्याहून अधिक भाग इंजिनाचा नसून लिटरचा आहे, असा याचा अर्थ होतो. जळणातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचेही तसेच. लिटरमागे पेट्रोलपासून सुमारे २.३ आणि डिझेलपासून सुमारे २.६५ किलोग्रॅम वायू निघतो. त्यावरून दर किलोमीटरला अनुक्रमे ११३ आणि १०५ ग्रॅम येतात, आणि अंतर सात टक्क्यांचेच उरते. प्रमाणित आकडे प्रयोगशाळेत रुळांवर गाडी चालवून काढलेले असतात, रस्त्यावरचे नव्हेत. हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

उरलेला लाभ मात्र इंजिनाचा आणि खराखुरा आहे. अधिक संपीडनामुळे उष्णतेतून अधिक कार्य मिळते, हे त्याचे पहिले कारण. दुसरे कारण गर्दीत हळू चालताना प्रत्ययास येते. पेट्रोल इंजिनाची शक्ती कमी करावयाची तर आत येणारी हवा झडपेने अडवावी लागते, आणि अडविलेली हवा ओढून घेण्यात त्याचे श्रम वाया जातात. डिझेल इंजिनात हवा न अडविता केवळ इंधन कमी फवारले की काम भागते.

पेट्रोलचा लिटरही कायम एकसारखा राहिलेला नाही. भारतात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्ये गाठले गेले. इथेनॉलच्या लिटरात सुमारे २१ मेगाजूलच ऊर्जा असल्यामुळे अशा मिश्रणाचा लिटर शुद्ध पेट्रोलहून सुमारे सात टक्क्यांनी दुबळा पडतो. जुन्या आणि नव्या ॲव्हरेजची तुलना करताना हे विसरून चालत नाही.

५. धुराचा हिशेब

डिझेल इंजिनाच्या गुणांचे आणि दोषांचे मूळ एकच आहे. त्यात हवा गरजेहून अधिक असते आणि दाब व तापमान मोठे असते. त्यामुळे हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. फवाऱ्यातील थेंबांभोवती मात्र हवा क्षणभर अपुरी पडते आणि काजळी धरते. पेट्रोल गाडीत ही ऑक्साइडे मोडून टाकणारे साधे उत्प्रेरक पात्र ऑक्सिजन उरलेल्या धुरात ते काम करू शकत नाही. म्हणून डिझेलसाठी निराळी आणि महाग योजना करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराची गणना मानवाला निश्चित कर्करोगकारक अशा पदार्थांत केली. २०१५ मध्ये फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल गाड्या तपासणीच्या वेळी एक आणि रस्त्यावर दुसरीच वागणूक करतात असे अमेरिकेत उघडकीस आले. जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांशी त्या प्रकरणाचा संबंध होता. भारतात चौथ्या भारत मानकानुसार डिझेल मोटारीला दर किलोमीटरला ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे सोडण्याची मुभा होती, तर पेट्रोल मोटारीला ०.०८ ग्रॅम. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या सहाव्या मानकाने या मर्यादा अनुक्रमे ०.०८ आणि ०.०६ वर आणल्या. ही मर्यादा गाठण्याचा खर्च लहान डिझेल इंजिनांना परवडेना. स्विफ्टचे ते इंजिन मारुतीने त्याच वेळी बंद केले.

नव्या डिझेल गाड्यांत काजळी गाळून घेणारी जाळी असते. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी ती जाळी पुरेशी तापावी लागते, आणि त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर काही वेळ सलग चालावी लागते. दोनतीन किलोमीटरच्या खेपाच करणाऱ्या गाडीत ती वारंवार तुंबण्याचा संभव असतो.

६. निर्णयाचे स्वरूप

लोकांच्या मनातील डिझेलची स्वस्ताई ही बऱ्याच अंशी धोरणाची निर्मिती होती. २०१२ मध्ये दिल्लीत दोन्ही इंधनांच्या दरांत लिटरमागे सुमारे तीस रुपयांचे अंतर होते, आणि त्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा दर नियंत्रणमुक्त झाला. पुढे ते अंतर आटले, आणि डिझेल मोटारींचा वाटाही पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरला.

उदाहरणादाखल पेट्रोल १०० रुपये, डिझेल ९० रुपये आणि डिझेल गाडीची जादा किंमत एक लाख रुपये धरावी. वरील ॲव्हरेजनुसार दर किलोमीटरला पेट्रोलचा खर्च ४ रुपये ९० पैसे, डिझेलचा ३ रुपये ५७ पैसे येतो. बचत १ रुपया ३३ पैसे. एक लाख रुपये वसूल होण्यास सुमारे ७५,००० किलोमीटर धावावे लागेल. रोज वीस किलोमीटर याप्रमाणे वर्षाचे तीनशे दिवस गाडी वापरणाऱ्याला त्यास साडेबारा वर्षे लागतील. रोज शंभर किलोमीटर जाणाऱ्याला अडीच वर्षे पुरतील. दिल्ली परिसरात डिझेल गाडीचे आयुष्य दहा वर्षे ठरविणाऱ्या आदेशाला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दुजोरा दिला, हे लक्षात घेतले तर पहिल्या माणसाचा हिशेब किती नाजूक आहे ते कळून येते.

'कोणते इंजिन सरस?' या प्रश्नाला एक उत्तर नाही, याचे कारण हा प्रश्न एक नाही. ओझे आणि चढ यांपुढे पीळ महत्त्वाचा. मोकळ्या रस्त्यावर पूर्ण वेगाने जावयाचे तर शक्ती महत्त्वाची. लांबच्या नित्य प्रवासात कार्यक्षमता महत्त्वाची. आणि दाट वस्तीत धूर महत्त्वाचा. बोलभाषेने 'ताकद' हा शब्द टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. तो टिकेल आणि टिकावा. परंतु विक्रेत्याच्या तोंडून तो ऐकताना ग्राहकाने 'कोणती ताकद, किती फेऱ्यांवर?' असे विचारावे, आणि ॲव्हरेजचा आकडा ऐकताना 'कशाचा लिटर?' असे विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे हाती आली म्हणजे उरतो तो आपण रोज किती जातो आणि कोठे जातो हा तिसरा प्रश्न, आणि त्याचे उत्तर ग्राहकाखेरीज दुसऱ्या कोणापाशी नसते.